पाणबुडीतली अणुभट्टी: जिथे भट्टी बंद करणंही धोक्याचं असतं

यंत्र अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचे प्रश्न असे आहेत: पाणबुडीतली अणुभट्टी म्हणजे अणुवीज केंद्राचीच छोटी आवृत्ती का? ती तीस-तीस वर्षं इंधन न बदलता कशी चालते? तिच्यापासून काही मीटरवर महिनोन्‌महिने राहणाऱ्या खलाशांना किरणोत्सर्गाची बाधा होत नाही का? आणि पाणबुडी बुडाली तर भट्टीचं काय होतं?

माझं काम दाबयुक्त पाण्याच्या भट्ट्यांमधल्या उष्णतेचं आणि प्रवाहाचं. नौदलांच्या भट्ट्यांचे आराखडे प्रत्येक देशाने कुलुपात ठेवले आहेत, त्यामुळे इथे लिहितो ते सगळं उघड झालेल्या माहितीवर आणि भौतिकशास्त्रावर आधारलेलं आहे. तेवढ्यावरही बरंच समजतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तत्त्व तेच, पण अट उलटी. जमिनीवरच्या केंद्रात कसलीही शंका आली की भट्टी बंद करायची, हा पहिला धडा. भट्टी बंद झाली तर तोटा होतो, पण विजेचं जाळं इतर केंद्रांवर चालू राहतं आणि बाहेरून वीज घेऊन भट्टी थंड करता येते. पाणबुडीत भट्टी बंद झाली की जहाजाला पुढे रेटणारा पाण्यातला पंखा थांबतो. तीनशे मीटर खोलीवर कुठून तरी पाणी आत येत असेल, तर वर येण्यासाठी सगळ्यात जास्त गरज त्या पंख्याच्या रेट्याचीच असते. म्हणजे आरेखन करणाऱ्यापुढे दोन मागण्या एकाच वेळी उभ्या राहतात: भट्टी क्षणात बंद झाली पाहिजे, आणि ती बंद पडता कामा नये, पडलीच, तर लगेच पुन्हा सुरू झाली पाहिजे. नौदलाच्या भट्टीत जे जे वेगळं दिसतं, त्यातलं बहुतेक याच ओढाताणीतून आलेलं आहे.

मुळात हा खटाटोप कशासाठी? डिझेल इंजिनाला हवा लागते आणि पाण्याखाली ती नसते. म्हणून डिझेल पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. जुन्या पाणबुड्यांची बॅटरी पूर्ण वेगाने तासाभरात संपत असे. अगदी संथ चाललं तर एक-दोन दिवस निघत. मग वर येऊन किंवा श्वासनळी पाण्याबाहेर काढून इंजिनं चालवायची आणि बॅटरी भरायची, आणि नेमकं तेव्हाच शत्रूला दिसायचं. दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक पाणबुड्या खरं तर पृष्ठभागावरून चालणारी आणि गरजेपुरती बुडी मारणारी जहाजं होती.

युरेनियमच्या विखंडनाला, म्हणजे न्यूट्रॉनच्या धडकेने त्याचे अणू फुटण्याला, हवा लागत नाही. १ ग्रॅम युरेनियम-२३५ (युरेनियमचा सहज फुटणारा प्रकार) पूर्णपणे विखंडित झालं तर साधारण १ मेगावॅट उष्णता दिवसभर मिळते. तेवढ्या उष्णतेसाठी सुमारे २ टन डिझेल जाळावं लागेल. आता एक ढोबळ हिशेब करू. समजा पाणबुडीची भट्टी जास्तीत जास्त १५० मेगावॅट उष्णतेची आहे, पण सरासरी २५ मेगावॅटवर चालते, कारण पाणबुडी बहुतेक वेळ हळू आणि गुपचूप फिरते. वर्षातले १८० दिवस समुद्रावर धरले आणि आयुष्य ३० वर्षं धरलं, तर २५ गुणिले १८० गुणिले ३०, म्हणजे १,३५,००० मेगावॅट-दिवस. याचा अर्थ सुमारे १३५ किलो युरेनियम-२३५ विखंडित झालं. काही अणू न्यूट्रॉन गिळूनही फुटत नाहीत, ते धरले तर १६० किलोच्या आसपास खर्ची पडलं. एका जहाजाचं सगळं आयुष्य एवढ्यावर भागतं. शिवाय वीज मुबलक असल्याने समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी आणि पाण्याच्या विघटनातून ऑक्सिजन तयार करता येतो. मग पाण्याखाली किती दिवस राहायचं ही मर्यादा यंत्र घालत नाही. धान्य संपणं आणि माणसं थकणं, या दोन गोष्टी घालतात.

हे पहिल्यांदा प्रत्यक्षात आणलं अमेरिकेच्या 'नॉटिलस' या पाणबुडीने. १७ जानेवारी १९५५ रोजी ती अणुशक्तीवर निघाली आणि ३ ऑगस्ट १९५८ रोजी बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोचली. पण मला तिच्याहून मोलाची वाटते ती तिच्या आधीची, आयडाहोच्या वाळवंटात बांधलेली नमुना भट्टी. अमेरिकी नौदलाच्या अणुभट्टी कार्यक्रमाचे प्रमुख हायमन रिकोव्हर यांचा आग्रह असा होता, की नमुना मोकळ्या प्रयोगशाळेत ऐसपैस मांडायचा नाही. पाणबुडीच्या पोटाच्या खऱ्या मापात, पोलादी कवचाच्या आत, तेवढ्याच अडचणीत बसवायचा, आणि त्या कवचाभोवती पाण्याची टाकी बांधायची. ३० मार्च १९५३ रोजी ती भट्टी क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यातली विखंडनाची साखळी स्वतःच्या बळावर चालू लागली. त्याच वर्षी जूनमध्ये अटलांटिक ओलांडायला लागेल तितका वेळ ती पूर्ण शक्तीवर अखंड चालवून दाखवली. कुठली झडप माणसाच्या हाताला पोचत नाही, कुठला नळ तापून वेडावाकडा ताणला जातो, हे सगळं समुद्रात जाण्याआधीच कळलं. भारतानेही 'अरिहंत' या पाणबुडीच्या ८३ मेगावॅट भट्टीचा जमिनीवरचा नमुना आधी कल्पक्कमला चालवला. 'अरिहंत'मधली भट्टी १० ऑगस्ट २०१३ रोजी क्रिटिकल झाली. किनाऱ्यावरचा पूर्ण मापाचा नमुना ही या क्षेत्रातली सगळ्यात शहाणपणाची सवय आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता भट्टीच्या आत. गाभ्यातून, म्हणजे भट्टीच्या इंधन असलेल्या मधल्या भागातून, फिरणारं पाणी साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, पण ते उकळत नाही, कारण त्याच्यावर दीडशे वातावरणांच्या आसपास दाब असतो. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर जातं ते याच कारणाने. हे प्राथमिक पाणी बाष्पजनित्राच्या हजारो बारीक नळ्यांतून जातं, नळ्यांच्या बाहेरच्या दुसऱ्या पाण्याची वाफ करतं आणि परत गाभ्याकडे येतं. वाफ टर्बाइन फिरवते, समुद्राच्या थंडाव्याने पुन्हा पाणी होते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून टर्बाइनच्या खोलीत माणसं साध्या कपड्यांत काम करतात. वाफ फारशी गरम नसल्याने कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात राहते. १५० मेगावॅट उष्णतेतून पंख्यापर्यंत ३० मेगावॅटच्या आसपास पोचतात, बाकीची उष्णता समुद्रात जाते.

आता जे सांगणार आहे ते या यंत्रातलं माझ्या दृष्टीने सगळ्यात सुंदर अंग. कप्तानाने वेग वाढवायला सांगितला. इंजिनकक्षातला खलाशी टर्बाइनची झडप उघडतो. भट्टीच्या नियंत्रक सळ्यांना, म्हणजे न्यूट्रॉन शोषून भट्टीला आवरणाऱ्या सळ्यांना, कोणी हात लावत नाही. तरीही भट्टीची शक्ती आपोआप वाढते. कशी? जास्त वाफ ओढली गेली की बाष्पजनित्रातून गाभ्याकडे परतणारं प्राथमिक पाणी थोडं जास्त थंड होतं. थंड पाणी घन, म्हणजे तेवढ्याच जागेत हायड्रोजनचे अणू जास्त. हायड्रोजन न्यूट्रॉनचा वेग कमी करतो आणि मंद न्यूट्रॉन युरेनियम-२३५ला अधिक सहज फोडतो. विखंडनं वाढतात, पाणी पुन्हा तापतं, आणि भट्टी नव्या, वरच्या शक्तीवर स्थिरावते. झडप बंद केली की उलटं: पाणी तापतं, विरळ होतं, विखंडनं कमी होतात. म्हणजे मागणी किती आहे हे भट्टीला पाण्याच्या तापमानातूनच कळतं. नियंत्रक सळ्यांचं काम सुरू करणं, बंद करणं आणि सरासरी तापमान योग्य पट्ट्यात ठेवणं. एका मिनिटात वेग वाढवायचा आणि दुसऱ्या मिनिटाला थांबायचं, हे जे युद्धनौकेला लागतं ते माणसाच्या चपळाईवर सोपवलेलं नाही, ते पाण्याच्या गुणधर्मावर सोपवलेलं आहे. पाण्याचा गुणधर्म थकत नाही, घाबरत नाही.

अर्थात त्याच गुणधर्माची दुसरी बाजूही आहे. गाभा आणि बाष्पजनित्र यांच्यात पाणी फिरवणाऱ्या नळांच्या बंद असलेल्या एखाद्या फेऱ्यातलं पाणी गार झालं असेल आणि त्या फेऱ्याचा पंप अचानक सुरू केला, तर गार पाण्याचा लोंढा गाभ्यात शिरतो आणि शक्ती झपाट्याने उसळते. आम्ही सुरक्षेच्या गणितात 'थंड पाण्याचा अपघात' म्हणून हा वेगळा तपासतो. पंप कोणत्या क्रमाने सुरू करायचे याचे नियम इतके कडक का असतात, असा प्रश्न नव्या माणसाला पडतो; त्यामागे हे कारण असतं.

शिवाय जहाज हलतं, कलतं, तीव्र कोनात बुडी मारतं. जमिनीवरच्या बऱ्याच भट्ट्यांत सळ्या सोडल्या की स्वतःच्या वजनाने खाली पडतात. इथे 'खाली' नेमकं कुठे असेल याचीच खात्री नाही, म्हणून सळ्या आत ढकलायला स्प्रिंगचाही जोर लागतो.

आता मघाच्या ओढाताणीकडे. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची 'थ्रेशर' ही पाणबुडी खोल बुडीची चाचणी घेत असताना अटलांटिकमध्ये बुडाली. १२९ जण गेले. ती सुमारे २,५०० मीटर खोलीवर तुकड्यांत सापडली, त्यामुळे घटनांचा नेमका क्रम कधीच सिद्ध झाला नाही. चौकशीत सर्वात संभाव्य मानली गेलेली साखळी अशी: समुद्राच्या पाण्याचा एक नळ फुटला, पाण्याच्या फवाऱ्याने विजेच्या यंत्रणेत बिघाड झाला, भट्टी आपोआप ट्रिप झाली, म्हणजे तडकाफडकी बंद पडली. टाक्यांमधलं पाणी दाबाच्या हवेने बाहेर काढून वर येण्याचा प्रयत्न झाला, पण हवेतल्या ओलाव्याचं बर्फ होऊन जाळ्या तुंबल्या. पंखा चालवायला शक्ती नव्हती. आणि त्या काळच्या कार्यपद्धतीप्रमाणे ट्रिपनंतर भट्टी पुन्हा सुरू करायला जो वेळ लागायचा, तेवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता.

यातली भट्टी बिघडलेली नव्हती. तिने जमिनीच्या नियमाने वागून स्वतःला सुरक्षित केलं, आणि जहाजाची हालचाल गेली. यानंतर दोन बदल झाले. पाण्याच्या दाबाखाली येणाऱ्या प्रत्येक सांध्याची, झडपेची, जोडाची कडक तपासणी करणारा 'सबसेफ' कार्यक्रम डिसेंबर १९६३ मध्ये सुरू झाला. आणि भट्टी ट्रिप झाल्यावर ती झटपट पुन्हा सुरू करण्याची, बाष्पजनित्रात साठलेली उष्णता वापरून तोवर थोडा रेटा मिळवण्याची पद्धत आखली गेली. जमिनीवरच्या माझ्या व्यवसायातल्या माणसाला ही दुसरी गोष्ट ऐकून अस्वस्थ व्हायला होतं. का ट्रिप झाली हे पूर्ण समजल्याशिवाय सुरू करू नका, हे आमच्या हाडात भिनलेलं असतं. पण पाणबुडीच्या संदर्भात तो बदल योग्यच होता, असं मी मानतो.

पण 'झटपट सुरू करा' म्हणून भागत नाही; भौतिकशास्त्र आडवं येतं. विखंडनातून आयोडीन-१३५ तयार होतं, ते ६.६ तासांच्या अर्धायुष्याने, म्हणजे दर तेवढ्या वेळात निम्मं, झेनॉन-१३५ मध्ये बदलतं. झेनॉन-१३५ इतक्या हावरटपणे न्यूट्रॉन गिळतं, की भट्टीच्या दृष्टीने ते विष आहे. भट्टी चालू असते तेव्हा न्यूट्रॉन गिळूनच ते नाहीसंही होत राहतं, म्हणून तोल राहतो. भट्टी बंद केली की ते जाळणारे न्यूट्रॉन थांबतात, पण साठलेल्या आयोडीनपासून झेनॉन बनणं चालूच राहतं. मग झेनॉन वाढत जातं, साधारण दहा तासांच्या सुमारास शिखर गाठतं आणि पुढे स्वतःच्या ९.१ तासांच्या अर्धायुष्याने ओसरतं. कमी समृद्ध इंधनाची, म्हणजे ज्यात युरेनियम-२३५ थोडं आहे अशा इंधनाची, आयुष्याच्या अखेरीला आलेली भट्टी या शिखराच्या काळात सुरूच होऊ शकत नाही. जमिनीवर एक दिवस थांबलं तर चालतं. समुद्राखाली दिवसभर हतबल राहणारी युद्धनौका कोणाला चालेल? म्हणून नौदलाच्या गाभ्यात प्रतिक्रियाशीलतेची, म्हणजे साखळी चालू ठेवण्याच्या क्षमतेची, मोठी शिल्लक ठेवतात. झेनॉन शिखरावर असलं तरी सळ्या ओढल्या की भट्टी सुरू झालीच पाहिजे, आयुष्याच्या शेवटच्या वर्षांतसुद्धा.

आणि इथेच तीस वर्षांच्या इंधनाचं उत्तर येतं. वीज केंद्रातल्या युरेनियममध्ये युरेनियम-२३५ साधारण ३ ते ५ टक्के असतं. अमेरिका आणि ब्रिटन यांच्या पाणबुड्यांत ते ९० टक्क्यांहून वर असतं, म्हणजे शस्त्रांच्या दर्जाचं. त्यामुळे छोट्या गाभ्यात प्रचंड साठा मावतो. अमेरिकेच्या 'व्हर्जिनिया' वर्गाचा गाभा जहाजाच्या ३३ वर्षांच्या आयुष्याला पुरेल असा बनवला आहे. पण एवढा साठा पहिल्या दिवशी आवरायचा कसा? त्यासाठी इंधनाबरोबर बोरॉन किंवा गॅडोलिनियमसारखी 'जळणारी विषं' ठेवतात. सुरुवातीला ती न्यूट्रॉन गिळून भट्टीला आवरतात. इंधन खर्च होतं तशी तीही खर्च होतात, आणि दोन्हींची घट एकमेकांना सांभाळून घेते. ही घट तीस वर्षांवर नीट जुळवणं हे गाभा आखणाऱ्यांचं खरं कसब. शिवाय इंधनाचं आवरणही तेवढी वर्षं गरम पाण्यात, न्यूट्रॉनच्या माऱ्यात टिकलं पाहिजे.

आवरणासाठी झिर्कोनियम लागतं, कारण ते न्यूट्रॉन फारसं शोषत नाही. मात्र खनिजात झिर्कोनियमबरोबर नेहमी थोडं हाफ्नियम असतं आणि ते न्यूट्रॉन शेकडो पटींनी जास्त शोषतं. रासायनिकदृष्ट्या दोघं इतकी सारखी, की वेगळी करणं अतिशय किचकट. हे काम मोठ्या प्रमाणावर करायला लावलं ते नौदलाच्याच गरजेने. मग वेगळं काढलेलं हाफ्नियम नियंत्रक सळ्यांसाठी उत्तम ठरलं: न्यूट्रॉन शोषतं आणि गरम पाण्यात गंजतही नाही. आजच्या वीज केंद्रांतलं झिर्कोनियमचं आवरण हा त्याच मेहनतीचा वारसा आहे. फार लोकांना माहीत नसतं, की दाबयुक्त पाण्याची वीज भट्टी ही पाणबुडीच्या भट्टीची वंशज आहे; १९५७ साली सुरू झालेलं अमेरिकेतलं शिपिंगपोर्ट केंद्र रिकोव्हर यांच्याच चमूने उभं केलं. म्हणून 'पाणबुडीची भट्टी ही वीज केंद्राची छोटी आवृत्ती का' हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने उलटा विचारायला हवा.

मग तीच भट्टी शहरांना वीज द्यायला का वापरत नाहीत? कारण शस्त्रदर्जाचं युरेनियम महाग आहे आणि ते गावोगाव ठेवणं कोणालाच परवडणारं नाही. शांतता, धक्के सोसणं, लहान आकार यांसाठी मोजलेल्या किमतीचा वीज केंद्राला उपयोगही नाही. रशियाने मधला मार्ग घेतला. 'अकादेमिक लोमोनोसोव्ह' या तरंगत्या केंद्रात बर्फफोड्या जहाजांच्या जातकुळीच्या दोन भट्ट्या, २० टक्क्यांहून कमी समृद्ध इंधनावर, डिसेंबर २०१९ पासून पेवेक या ध्रुवीय गावाला वीज देतात.

फ्रान्सचा निर्णय मला विशेष विचार करण्यासारखा वाटतो. त्यांनी पाणबुड्यांतही कमी समृद्ध, व्यापारी भट्ट्यांच्या जवळ जाणारं इंधन स्वीकारलं. बदल्यात साधारण दहा वर्षांनी इंधन बदलावं लागतं, आणि त्यासाठी जहाजाच्या पाठीवर मोठी झाकणं ठेवावी लागतात. पण इंधनाचा कारखाना नागरी क्षेत्राशी जोडलेला राहतो आणि शस्त्रदर्जाच्या मालाचा साठा लागत नाही. अण्वस्त्रप्रसारबंदीच्या व्यवस्थेत एक फट आहे: आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी होणाऱ्या सर्वंकष करारांच्या १४ व्या कलमाखाली अण्वस्त्र नसलेला देश नौकाचालनासाठीचं अणुइंधन तपासणीच्या नेहमीच्या कक्षेबाहेर ठेवू शकतो. सप्टेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाला अशा पाणबुड्या देण्याचा करार जाहीर झाल्यापासून ही फट चर्चेत आहे. माझं मत विचाराल तर नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या देशांनी फ्रेंच वाट धरावी. इंधन बदलायला लागणारी महिने-वर्षं गैरसोयीची असतात, पण शस्त्रदर्जाचं इंधन जगभर फिरू लागणं त्याहून फार वाईट.

भट्टी बंद केली म्हणजे ती विझली असं नाही, हे दुसरं मोठं सत्य. साखळी प्रक्रिया थांबली तरी विखंडनातून उरलेली किरणोत्सारी मूलद्रव्यं उष्णता देत राहतात. बंद केल्याच्या क्षणी चालू शक्तीच्या सहा-सात टक्के, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, दिवसभराने सुमारे अर्धा टक्का. १५० मेगावॅटवरून बंद केलेल्या भट्टीत तासानंतरही दोन मेगावॅट उष्णता निघत असते. ती काढली नाही तर गाभा वितळतो.

४ जुलै १९६१ रोजी सोव्हिएत पाणबुडी 'के-१९' उत्तर अटलांटिकमध्ये होती. तिच्या एका भट्टीच्या प्राथमिक फेऱ्यात गळती झाली आणि दाब शून्यावर आला. सळ्या आत गेल्या, भट्टी बंद झाली, पण थंड करायला दुसरी व्यवस्थाच बसवलेली नव्हती. खलाशांनी भट्टीच्या खोलीत शिरून नळ जोडले, वेल्डिंग केलं आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीतून गाभ्यापर्यंत पाणी नेलं. भट्टी वाचली, जहाज वाचलं. आत गेलेल्यांपैकी आठ जण तीन आठवड्यांच्या आत किरणोत्सर्गाने मरण पावले. त्यांच्या धैर्याबद्दल बोलताना माझा आवाज आजही स्थिर राहत नाही. पण अभियंता म्हणून एवढंच म्हणेन, की पर्यायी शीतनाची व्यवस्था कागदावर आखण्याचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते केलं नाही, आणि ते काम आठ तरुणांना शरीराने करावं लागलं.

यावरचा उत्तम उपाय म्हणजे पंपावरच विसंबून न राहणं. बाष्पजनित्र गाभ्याच्या पुरेसं वर ठेवलं, तर गरम पाणी आपोआप वर चढतं आणि थंड झालेलं खाली उतरतं. पंप नसला तरी फेरा चालतो. अमेरिकेने १९६९ मध्ये सेवेत आणलेल्या 'नारव्हाल'मध्ये ही नैसर्गिक अभिसरणाची भट्टी वापरली. जहाज हेलकावे खाताना हा फेरा तुटत नाही ना, हे तपासायला आयडाहोतला तिचा नमुना पाण्याच्या टाकीत मुद्दाम झुलवला गेला. फ्रान्सच्या 'रुबी' वर्गातली ४८ मेगावॅटची भट्टीही याच तत्त्वाचा लाभ घेते. आणि याचा एक मोठा फायदा युद्धाच्या दृष्टीने आहे: मुख्य पंप हा पाणबुडीतल्या सगळ्यात आवाजी यंत्रांपैकी एक. तो बंद ठेवून चालता आलं, तर पाणबुडी ऐकू येत नाही. सुरक्षा आणि शांतता एकाच दिशेला नेणारी अशी उदाहरणं आमच्या क्षेत्रात कमीच.

पाण्याऐवजी वितळलेला धातू फिरवण्याचेही प्रयत्न झाले. अमेरिकेने १९५७ मध्ये सेवेत आणलेल्या 'सीवुल्फ'मध्ये सोडियम वापरलं. वाफ जास्त गरम मिळायची, पण गळत्या सुरू झाल्या, सोडियम पाण्याशी पेट घेतं, आणि दोनेक वर्षांतच ती भट्टी काढून पाण्याची बसवली. सोव्हिएत संघाने शिसं-बिस्मथचं मिश्रण निवडलं. त्यांच्या 'अल्फा' वर्गाच्या पाणबुड्या ४० नॉटहून अधिक वेगाने पळत, हे खरंच थक्क करणारं. पण ते मिश्रण १२५ अंशांच्या आसपास गोठतं. म्हणून बंदरातही ते सतत गरम ठेवावं लागे, नाहीतर भट्टी कायमची दगड. 'के-२७' या अशाच पाणबुडीत मे १९६८ मध्ये धातूतल्या गाळाने गाभ्याची वाट तुंबली, इंधन फुटलं आणि नऊ जण मरण पावले. वेगापेक्षा सांभाळण्याची सोय महत्त्वाची, असा निवाडा सगळ्या नौदलांनी दिला. आज सेवेत असलेल्या अण्विक पाणबुड्या पाण्यावरच चालतात.

आता खलाशांचा प्रश्न. भट्टी चालू असताना तिच्या खोलीत कोणी जात नाही. पुढून मागे जायला संरक्षित बोगदा असतो. शिसं, पॉलिथिलीन, पाणी आणि पोलाद यांचे थर गॅमा किरण आणि न्यूट्रॉन अडवतात. आणि समुद्राचं पाणी अवकाशातून येणारे किरण अडवतं, जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायूही तिथे नाही. त्यामुळे नीट चाललेल्या पाणबुडीत बहुतेक खलाशांना मिळणारी मात्रा कमी असते, अनेकांना तर सुट्टीवर घरी असतानापेक्षाही. दुरुस्ती आणि इंधनबदल करणाऱ्यांची मात्रा जास्त असते, आणि खरी शिस्त तिथे लागते.

तिथली शिस्त सुटली तर काय होतं हे १० ऑगस्ट १९८५ रोजी व्लादिवोस्तोकजवळच्या चाझ्मा उपसागरात दिसलं. 'के-४३१' या सोव्हिएत पाणबुडीत नवं इंधन भरून झालं होतं, झाकण नीट बसलं नाही म्हणून ते पुन्हा उचललं जात होतं. झाकणाबरोबर सळ्याही वर आल्या, भट्टी अनियंत्रित झाली आणि बाष्पस्फोट झाला. दहा जण जागीच गेले. समुद्रात नाही, लढाईत नाही, बंदराला बांधलेली असताना. ज्या गाभ्यांचं इंधन आयुष्यभर बदलावं लागत नाही, त्यांच्या बाजूचा हा एक मजबूत मुद्दा आहे, हेही मघाच्या फ्रेंच वाटेबद्दल बोलताना प्रामाणिकपणे मांडायला हवं. फ्रेंच पद्धत चालते ती तिथल्या गोदीकामगारांच्या काटेकोरपणावर.

आयुष्य संपलेल्या जहाजांचं म्हणाल, तर अमेरिका इंधन काढून भट्टीचा सबंध विभाग कापते, दोन्ही टोकं सील करते आणि हॅनफर्ड इथल्या अणुकचऱ्याच्या खंदकात ठेवते. असे शंभराहून अधिक विभाग तिथे आहेत. ब्रिटनने मात्र निवृत्त पाणबुड्या दशकानुदशकं गोदीत बांधून ठेवल्या आणि मोडण्याचं काम फार उशिरा हाती घेतलं.

शेवटचा प्रश्न बुडालेल्या पाणबुडीचा. अणुबॉम्बसारखा स्फोट होत नाही. तशी रचनाच गाभ्यात नसते. भट्टी बंद होते, भोवती अथांग थंड पाणी असल्याने उरलेली उष्णता निघून जाते, आणि जाड पोलादी पात्र दशकानुदशकं टिकतं. १२ ऑगस्ट २००० रोजी रशियाची 'कुर्स्क' टॉर्पेडोंच्या स्फोटाने बुडाली आणि ११८ जण गेले, पण तिच्या दोन्ही भट्ट्या बंद झालेल्या होत्या. पुढच्या वर्षी जहाज वर काढलं तेव्हा त्या शाबूत होत्या. १९८९ मध्ये नॉर्वेच्या समुद्रात बुडालेली सोव्हिएत पाणबुडी 'कोम्सोमोलेत्स' सुमारे १,६८० मीटर खोलीवर आहे. २०१९ च्या पाहणीत तिच्या एका वायुनळीच्या तोंडाशी सीझियमचं प्रमाण फार वाढलेलं आढळलं, पण थोड्याच अंतरावर ते पाण्यात विरून जात होतं.

काळजी वाटते ती उथळ पाण्यातल्यांची. मघाची 'के-२७' १९८२ मध्ये नोवाया झेम्ल्या या रशियाच्या ध्रुवीय बेटांजवळ मुद्दाम बुडवली गेली, अवघ्या तीसेक मीटर पाण्यात, शस्त्रदर्जाच्या जवळ जाणाऱ्या इंधनासकट. २००३ मध्ये मोडीत काढायला ओढून नेली जात असताना वादळात बुडालेली 'के-१५९' बॅरेंट्स समुद्रात, मासेमारीच्या पट्ट्यात आहे आणि तिच्यातही सुमारे ८०० किलो वापरलेलं इंधन आहे. दोन्ही उचलण्याची योजना रशियाने जाहीर केली होती. उचलताना तुटण्याचा धोका आहे, हे खरं. तरीही पोलाद गंजत जाईल तसा तो धोका वाढतच जाणार, म्हणून हे काम जितकं लवकर होईल तितकं बरं.